नंबर घासलेला जॉब

“…मग नाव कमी करू की नको, एवढंच सांगा, सर.”

निवास चौगुलेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मुजावर सर दर्ग्याच्या पायऱ्या झाडत होते. त्यांची केरसुणी तिसऱ्यांदाही थांबली नाही.

रविवारची दुपार होती. गावाबाहेरच्या टेकडीवरचा हा लहानसा दर्गा. उरसाला गर्दी होते, गुरुवारी चार माणसं येतात, एरवी कोणी फिरकत नाही. तीस वर्षं टेक्निकल हायस्कूलमध्ये फिटिंग शिकवून मुजावर सर निवृत्त झाले आणि घराण्यात चालत आलेली ही सेवा करायला इथं येऊन राहिले. बायको वारली होती. मुलगी सासरी होती. बोलायला म्हणावं तर दारातलं निंबाचं झाड होतं, आणि ते काही फार बोलकं नव्हतं.

निवास त्यांचा विद्यार्थी. नुसता विद्यार्थी नव्हे, लाडका. जिल्ह्याच्या कौशल्य स्पर्धेत पहिला आलेला, पेपरात फोटो छापून आलेला. गेली चार वर्षं तो सरांच्याच जागेवर निदेशक म्हणून शिकवत होता. कोणी विचारलं, की हे सांगताना त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

आज ती ताठ नव्हती. शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. उद्या सकाळी तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचा होता. खाली फक्त सही राहिली होती.

मुजावर सरांनी शेवटची पायरी झाडली, केर कडेला लोटला आणि तिथंच बसले.

“कुणाचं नाव?”

“बिरदेव येडगे. बारावीतला.”

“काय केलं त्यानं?”

निवासनं पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या दोन लोखंडी पट्ट्या काढल्या आणि पायरीवर ठेवल्या.

तळहाताएवढ्या पट्ट्या. चारी बाजू काटकोनात, दोन्ही तोंडं सपाट, वरच्या कडेला व्हीच्या आकाराची खाच. बारावीच्या प्रत्येक पोरानं वर्षभरात कानशीनं घासघासून अशा वस्तू करून द्यायच्या असतात. त्यांना जॉब म्हणतात. जॉब तपासून झाला, की निदेशक कोपऱ्यात पोलादी पंचानं त्या पोराचा नंबर ठोकतो. नंबर पडला की काम त्याच्या नावावर जमा.

“ही पोरं जॉब करतच नाहीत, सर,” निवास म्हणाला. “त्यांच्याकडे एक बोचकं आहे.”

मुजावर सर ऐकत राहिले.

निरोप समारंभाच्या दिवशी हायस्कूलमध्ये भाषणं होतात, समोसे वाटले जातात, दोन-चार मास्तर रुमालानं डोळे पुसतात. त्याच वेळी वर्कशॉपच्या मागच्या अंगाला बारावीची पोरं अकरावीच्या पोरांच्या हाती गोणपाटात गुंडाळलेलं एक बोचकं देतात. त्यात जुन्या वर्षांचे जॉब असतात. पुढच्या वर्षी त्यांच्यावरचे नंबर कानशीनं घासून काढायचे आणि तेच जॉब पुन्हा निदेशकापुढं ठेवायचे. निदेशक नवा नंबर ठोकतो. वर्ष सरतं.

चार वर्षं निवासनं तेच जॉब तपासले होते. चार वर्षं त्यांच्यावर त्यानंच नंबर ठोकले होते.

तो स्वतः याच शाळेत शिकला, पण विद्यार्थी असताना हे बोचकं त्याला कधी कोणी दाखवलं नव्हतं. सरांच्या लाडक्याला कोण दाखवणार? तेव्हा तो मधल्या सुट्टीत एकटाच डबा खायचा आणि पोरं आपल्याला बघून गप्प का होतात याचा विचार करायचा. ते कारण त्याला चौदा वर्षांनी, गेल्या बुधवारी कळलं होतं. कळल्यावर राग यायला हवा होता, तो आलाही. पण त्याआधी वाईट वाटलं होतं, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

“बुधवारी काय झालं?”

“मधली सुट्टी होती. मी चार्जर विसरलो म्हणून वर्कशॉपकडे आलो. बाहेरूनच कानशीचा आवाज आला…”

निवास थांबला.

“मग?”

“खरं सांगू? आधी मला बरं वाटलं, सर. किती महिन्यांनी तो आवाज आला होता. म्हटलं, कोणीतरी काम करतंय.”

“आणि?”

“आत जाऊन बघतो तर हा. एकटाच. पुढ्यात बोचकं उघडं. नंबर काढत बसलेला. नऊ जॉब करून ठेवले होते, दहावा चालू होता. अख्ख्या वर्गाचं काम हाच करतो. पोरं त्याला नंबरवाला म्हणतात.”

“दोस्त कोण हायत त्याचे?”

“कोणी नाही. एरवी त्याच्याशी कोणी बोलत नाही. नंबर काढून हवा असला, की तेवढ्यापुरतं बोलतात.”

मुजावर सरांनी मान हलवली. सावलीत ठेवलेल्या माठातून तांब्याभर पाणी काढलं आणि निवासपुढं ठेवलं.

निवास पाणी प्यायला. आणि मग इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं.

“मी एकट्या त्याच्याबद्दल बोलत नाही, सर. सगळी शाळाच तशी झालीय. दहावीला मार्क कमी पडले म्हणून पोरं इथं येतात, आणि पहिल्या दिवसापासून तसंच तोंड करून बसतात. मी फळ्यावर आकृती काढतो. वळून बघतो तर सत्तावीस डोकी खाली. मोबाइल. कोणी दंगा करत नाही, कोणी उलट बोलत नाही. दंगा केला असता तर बरं झालं असतं, निदान ओरडलो तरी असतो. एकदा मी मुद्दाम बोलायचं थांबलो…”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं. नुसता खडू धरून उभा राहिलो.”

“मग?”

“कोणी वर बघितलं नाही.”

खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“चार वर्षांत एका पोरानं मला प्रश्न विचारला नाही, सर.”

“एक बी न्हाई?”

“एक विचारतात. ‘सर, हजेरी झाली का?’”

मुजावर सरांच्या मिशा जरा हलल्या. निवासला मात्र हसू आलं नाही. त्याची बायको-मुलं दुसऱ्या जिल्ह्यात होती, बदली काही होत नव्हती. भाड्याच्या खोलीवर जाऊन तो स्वतःशीच बोलायला लागला होता, आणि परवा तर आरशासमोर उभं राहून त्यानं कानस कशी धरायची हे पाच मिनिटं समजावून सांगितलं होतं. आरशातला माणूस निदान बघत तरी होता.

“एक जण मला म्हणाला, ‘सर, एमआयडीसीत जाऊन खोकीच उचलायची आहेत. त्याला व्ही लागत नाही.’ मला उत्तर सुचलं नाही. सुचायला पाहिजे होतं. तुम्हाला सुचलं असतं.”

मुजावर सरांनी पायरीवरचं एक वाळलेलं पान उचलून बाजूला टाकलं.

“म्हणून म्हणतो, एकाचं नाव कमी केलं तर बाकीचे ताळ्यावर येतील. मुख्याध्यापकांचंही तेच म्हणणं आहे. एक उदाहरण घालून द्या म्हणतात.”

“नाव कमी झालं, तर पोरगं कुठं जाईल?”

“मामाची पोल्ट्री आहे, तिथं.”

“अन् तू?”

“मी कुठं जाणार? मी तिथंच.”

“हं.”

निवासला हा हुंकार आवडला नाही. तो इतक्या उन्हात टेकडी चढून आला होता ते शाबासकी घ्यायला. सर म्हणतील, बरोबर आहे तुझं, शिस्त म्हणजे शिस्त, कर सही. तेवढं ऐकून त्याला उतरायचं होतं. त्याऐवजी सर विचारत होते की पोरगं कुठं जाईल.

मुजावर सरांनी एक जॉब उचलला.

“ह्यो कुठला?”

“त्यानं नंबर काढून तयार केलेला. नऊपैकी एक.”

“अन् ह्यो?”

“हा त्यानं अजून हातात घेतला नव्हता. गेल्या वर्षीचा. बघा की, सतरा नंबर तसाच आहे. मीच ठोकलेला.”

“सतरा,” सर म्हणाले. त्यांनी दुसऱ्या जॉबच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. मग तो निवासपुढं धरला.

“अंगठा फिरव.”

निवासनं फिरवला. कोपऱ्यात लोखंड खोलगट लागलं, चमच्यासारखं. वर्षानुवर्षं पोरांनी तेवढाच कोपरा खरवडला होता आणि त्या खळग्यातच दर वर्षी नवा नंबर बसत गेला होता.

“खड्डा हाय.”

“हो,” निवास म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला.

“ह्याला तू पास केलास.”

निवासनं अंगठा मागं घेतला.

“किती वेळा?”

“चार वर्षं मीच आहे, सर.”

मुजावर सरांनी त्यावर काही शेरा मारला नाही. मारला असता तर निवासला सोपं गेलं असतं. त्यांनी हात पुढं केला.

“पट्टी दे तुझी.”

निवासच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी असते. ती त्यानं काढून दिली. सरांनी पहिला जॉब, बिरदेवनं घासलेला, डोळ्यांच्या उंचीवर उन्हाकडे धरला. त्याच्या तोंडावर पट्टीची कड उभी टेकवली आणि एक डोळा मिटला.

फिटिंगच्या कामात सपाटी अशी बघतात. लोखंड कुठं जरी खाली-वर असलं, तर कडेच्या खालून उजेडाची रेघ दिसते.

सरांनी पट्टी आडवी टेकवली. मग उभी. मग तिरकी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मग दुसरी तिरकी. बराच वेळ ते नुसते बघत होते. निंबाची दोन पानं त्यांच्या डोक्यावर पडली तरी त्यांनी हात हलवला नाही.

“बघ.”

निवासनं बघितलं.

उजेड दिसत नव्हता. कुठंच नाही.

त्यानं पट्टी फिरवून बघितली, उलटी करून बघितली, उन्हाकडे आणखी वर धरून बघितली. उजेड आला नाही.

“आता जाडी बघ. दोन्हींची.”

दोन्ही जॉब बोटात धरून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा ते नुसत्या डोळ्यांनाही दिसत होतं. बिरदेवचा जॉब पातळ होता. चांगला मिलिमीटरभर पातळ.

“खोलीच्या मागं ये,” मुजावर सर म्हणाले आणि उठले.

दर्ग्यालगतच्या सरांच्या खोलीमागं, पत्र्याच्या सावलीत एक लाकडी ठोकळा रोवला होता आणि त्यावर जुना शेगडा बसवला होता. शेगडा म्हणजे लोखंड घट्ट धरून ठेवणारा जबडा, वर्कशॉपमध्ये प्रत्येक पोरामागं एक असतो. टेकडीखालची माणसं विळ्याची मूठ, दाराची बिजागरी असलं काहीबाही घेऊन यायची, त्यांच्यासाठी सरांनी तो ठेवला होता. शेजारी खुंटीला दोन कानशी लटकत होत्या.

सरांनी सतरा नंबरचा जॉब शेगड्यात आवळला. मोठी कानस काढून निवासच्या हातात दिली.

“नंबर काढ. पण सपाट ऱ्हाऊ दे. खड्डा दिसता कामा नये.”

“आत्ता?”

“मग कवा?”

निवासनं बाह्या वर केल्या. पहिल्या चार हातांतच त्याला कळलं, की कानस आपल्या ओळखीची राहिलेली नाही. मूठ कुठं धरायची ते हाताला आठवेना. तो जिल्ह्यात पहिला आला होता. पण गेली चार वर्षं तो फळ्यावर कानस काढत होता, जर्नलवर सह्या करत होता, हजेरी पोर्टलवर भरत होता. प्रात्यक्षिकाच्या तासाला पोरांना ‘चला, सुरू करा’ म्हणून तो टेबलाशी बसायचा.

तो घासत राहिला. सर ठोकळ्याला टेकून उभे होते.

दहा मिनिटं गेली. घाम डोळ्यांत उतरला. सतरातला एक गेला, सात राहिला. मग सातही गेला. खळगा मात्र हटेना, कारण खळगा घालवायचा तर त्याच्याभोवतीचं सगळं तोंड तेवढं खाली यायला हवं होतं. इथून तिथपर्यंत, सगळीकडून सारखं.

वीस मिनिटांनी तो थांबला. दम लागला होता.

सरांनी जॉब सोडवला आणि पट्टीसकट त्याच्याच हातात दिला.

निवासनं पट्टी टेकवली. दोन्ही कडांना उजेडाच्या जाड रेघा होत्या. मधे फुगवटा. खळगा होता तिथंच होता.

“पोट आलंय,” तो म्हणाला.

“आलंय.”

“सवय राहिली नाही, सर.”

“दिसतंय.”

एवढं बोलून सर पुन्हा पुढच्या अंगणात गेले आणि पायरीवर बसले. निवास मागोमाग आला. हाताला लोखंडाचा कीस लागला होता, तो त्यानं विजारीला पुसला. लाज वाटत होती. आणि लाज वाटली की त्याला बोलायची सवय होती.

“पण ते काम चांगलं असलं म्हणून काय झालं? केलंय ते फसवायलाच ना?”

“कुणाला?”

“मला.”

“तुला फसवायला किती घासावं लागतं?”

निवासनं पुन्हा हात विजारीला पुसले.

“सांग की. कोपरा खरवडला, तर तू पकडलं असतंस?”

“…नाही.”

“चार वर्षांत पकडलंस?”

“नाही.”

“म्हंजे दोन हात मारले असते तर भागलं असतं. सुट्टी बी मिळाली असती, डबा बी खाता आला असता.” सरांनी बिरदेवचा जॉब तळहातावर ठेवला आणि त्याचं वजन केल्यासारखा हात वर-खाली केला. “ह्याला किती सुट्ट्या गेल्या असतील?”

निवासनं मनात हिशेब केला. एका जॉबला तीन-चार दिवसांच्या सुट्ट्या. असे नऊ.

“त्यानं काय सांगितलं?”

“कोणी?”

“पोरानं. पकडलंस तवा विचारलं असशील की, का केलंस म्हणून.”

“विचारलं.”

“मग?”

“काही नाही. गप्प उभा होता. मी ओरडलो. खूप ओरडलो, सर, इतकं मी कधी ओरडलो नव्हतो. शेवटी म्हणाला…”

बुधवारी त्याला ते उद्धट वाटलं होतं. त्यानं त्या कागदातही लिहिलं होतं, ‘सदर विद्यार्थ्याने उडवाउडवीचे उत्तर दिले.’

“काय म्हणाला?”

“‘खड्डा होता, सर,’ म्हणाला.”

मुजावर सरांनी डोळे मिटले.

निंबाखाली एक कुत्रं आलं, सावलीला जागा शोधली आणि अंग टाकून दिलं. निवासला वर्कशॉप दिसत होतं. मधल्या सुट्टीतलं, रिकामं. बाहेर पोरांचं हसणं. आत एकटं पोर, कोणी बघणार नाही असं काम करणारं, आणि त्याच्यासमोर ओरडणारा आपण. त्याला ते पोर ओळखीचं वाटलं आणि ते वाटणं सहन होईना.

“बोचकं माझ्या काळात बी होतं,” सर म्हणाले.

निवासनं चमकून बघितलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तू शाळेत यायच्या आधी दोन वर्षं. असंच एक पोरगं घावलं. असाच हात होता त्याचा.”

“मग… तुम्ही काय केलंत?”

“सही केली.”

या माणसाच्या हातून चूक होऊ शकते हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“मग बोचकं थांबलं?”

“न्हाई. काम तेवढं बिघडलं. त्यानंतर समदे कोपरा खरवडाय लागले.”

“आणि तुम्ही ते पास करत गेलात?”

“करत गेलो.”

“का?”

“दुसऱ्यांदा सही करायची ताकद नव्हती, अन् दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.” सरांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं, माठात पाणी कमी आहे असं सांगावं तसं. “मग तू आलास. मला वाटलं, चला, एक हात मिळाला. समदं तुलाच देत बसलो. बाकीची पोरं मागं बसून काय करतात ते बघितलंच न्हाई.”

निवासच्या डोळ्यांपुढं मधल्या सुट्टीतला आपला डबा आला.

“तो मुलगा कुठं असतो आता?”

“ठाऊक न्हाई.”

“चौकशी नाही केलीत?”

“केली. दोनदा त्याच्या गावाला गेलो. घर बंद होतं. पुन्यांदा गेलो तवा घरच नव्हतं.” ते थांबले. “इथं उरसाला गर्दी होते. मी दर वर्षी माणसांच्या हाताकडं बघत बसतो.”

एवढं बोलून ते उठले, माठावरचं झाकण सरळ केलं, जे मुळात सरळच होतं, आणि पुन्हा बसले. निवासनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. सर म्हातारे झाले होते. पायऱ्या झाडून झाडून केरसुणीचा अर्धा झडलेला बुंधा उरला होता, आणि ते तीच वापरत होते. इतकी वर्षं हा माणूस इथं एकटा बसून होता आणि निवास आज चार वर्षांनी आला होता, तेही शाबासकी मागायला.

उन्हं कलली. टेकडीची सावली खालच्या उसापर्यंत गेली.

निवासनं खिशातला कागद काढला. उघडला. वाचला. ‘उडवाउडवीचे उत्तर’ या शब्दांवर त्याचं बोट थांबलं. कागद फाडून टाकणं सोपं होतं, तसं त्याच्या मनातही आलं. पण फाडला तरी उद्या आठ वाजता घंटा होणार होती, मुख्याध्यापक टेबलाशी बसून असणार होते आणि वर्गात सत्तावीस डोकी खालीच असणार होती. बोचक्यातले अठरा जॉब खड्ड्यासकट पडलेले असणार होते. आणि बिरदेव येडगे, आला तर, सगळ्यात मागं बसणार होता. आता नंबरासाठीसुद्धा त्याच्याशी कोणी बोलणार नव्हतं.

“त्याला काय शिकवू मी?” निवास म्हणाला. “माझ्यापेक्षा त्याचा हात बसलाय.”

“व्हय.”

“माफ करून सोडून दिलं, तर उद्यापासून अख्खा वर्ग माझ्या डोक्यावर बसेल.”

“बसंल.”

“आणि काढून टाकलं तर…”

दोघंही खालच्या रस्त्याकडे बघत राहिले.

“मुख्याध्यापकांना काय सांगू, सर?”

“ते तुझं तू बघ.”

“आणि पोरांना?”

सरांनी खांदे उडवले.

“मग त्याला तरी काय सांगू? काहीतरी सांगायलाच पाहिजे ना? समोरासमोर आल्यावर एक वाक्य तरी…”

सरांनी जॉब गुंडाळायचा कागद जवळ ओढला.

“सर… मी उद्या तिथं जाऊन करू काय?”

मुजावर सरांनी बिरदेवचा जॉब शर्टाच्या टोकानं पुसला. कागदात नीट गुंडाळला. निवासच्या पिशवीत ठेवला. मग खोलीमागं जाऊन खुंटीवरची मोठी कानस आणली आणि तीही त्याच पिशवीत उभी खोचली.

“त्याच्या शेजारचा शेगडा मोकळा असतो का रे?”